सकाळी सात, संध्याकाळी सात

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात सकाळी सातच्या सुमारास काही माणसं शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात येतात, ब्रेथ ॲनलायझरच्या नळीत फुंकतात, आकडा शून्य आला की कामावर जातात. संध्याकाळी सातला पुन्हा हजर. यांतली बरीचशी 'ड्रंक अँड ड्राइव्ह'मध्ये एकापेक्षा जास्त वेळा सापडलेली. कोर्टाने त्यांना दारूच बंद केली आहे. यंत्राने दारू दाखवली की तिथूनच कोठडी, तीही सहसा एक-दोन रात्रींपुरती.

2005 साली राज्याचे ॲटर्नी जनरल (सर्वोच्च कायदा अधिकारी) लॅरी लाँग यांनी हा '24/7 सोब्रायटी', म्हणजे चोवीस तास दारूविना राहण्याचा, कार्यक्रम राज्यात आणला. चाचणी दिवसातून दोनदा का? यकृत आपल्याच गतीने दारू जाळतं. 100 मिलिलिटर रक्तातलं साधारण 15 मिलिग्रॅम अल्कोहोल तासाभरात कमी होतं. लिंबूपाणी प्या की थंड पाण्याने अंघोळ करा, हा वेग वाढत नाही. 80 मिलिग्रॅम उतरायला पाच-सहा तास लागतात. दिवसातून एकदाच तपासलं, तर दुपारी पिऊन दुसऱ्या सकाळी साळसूदपणे उभं राहता येईल. बारा तासांत ती सोय फारशी उरत नाही.

आणि शिक्षा एवढी छोटी कशी पुरते? ग्लास समोर असताना सहा महिन्यांनंतरची तारीख मनात धूसर असते. आज रात्रीची कोठडी मात्र लख्ख दिसते. पहिल्या सहा वर्षांत 17,000हून जास्त लोक यातून गेले आणि 99 टक्क्यांहून अधिक चाचण्या स्वच्छ निघाल्या. रँड या संस्थेच्या अभ्यासात, कार्यक्रम असलेल्या काउंटींमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) पुन्हा पिऊन गाडी चालवल्याबद्दलच्या अटका 12 टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. घरातल्या मारहाणीबद्दलच्या अटकाही 9 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

पण नुसत्या धाकाने आजार बरा होत नाही. वर्षानुवर्षं दारू मेंदूला शांत ठेवते, म्हणून मेंदू स्वतःच्या उत्तेजक यंत्रणा चढ्या ठेवायला शिकतो. दारू एकदम तोडली की त्या मोकाट सुटतात: हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. हे जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला डॉक्टर हवा. न्यू मेक्सिकोतल्या डोन्या आना काउंटीत 1995 मध्ये सुरू झालेल्या न्यायालयाच्या धर्तीवर पुढे अनेक ठिकाणी खास 'डीडब्ल्यूआय कोर्टं', म्हणजे पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीची कोर्टं, निघाली. तिथे चाचण्यांच्या जोडीला समुपदेशन आणि उपचार असतात, आणि न्यायाधीश त्याच माणसाला ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर बोलावून विचारपूस करतात. मनापासून इच्छा नसेल तर व्यसन सुटत नाही, असं आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात कोर्टाने धाडलेली माणसंही उपचारांत टिकतात, अनेकदा स्वतःहून आलेल्यांइतकीच.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 30 मिलिग्रॅमची, म्हणजे कडक आहे. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 15,000 रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतं आहे. पण या कलमात उपचार हा शब्दच नाही.