कणीक धुतल्यावर उरतं ते रबर की प्लास्टिक?

कणकेचा गोळा पाण्यात धुतला की चिवट, रबरासारखा चोथा उरतो, म्हणजे पिठात प्लास्टिक मिसळलंय, असा व्हिडिओ अधूनमधून फिरतो. प्रयोग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा.

उरतं ते ग्लुटेन, गव्हातलंच प्रथिन. पीठ भिजवून मळलं की ग्लुटेनिनच्या (ग्लुटेनमधल्या एका प्रथिनाच्या) लांब साखळ्या गंधकाच्या अणूंमधल्या सहसंयुज, म्हणजे मजबूत, बंधांनी एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं बनतं. हायड्रोजन बंध, जे एकेकटे कमकुवत असतात, तुटत-जुळत राहतात. म्हणून गोळा ताणला जातो, पण सहज तुटत नाही. पोळी पातळ लाटता येते ती यामुळेच.

घरी पाहा. १०० ग्रॅम कणीक घट्ट मळा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा (घाई केली तर जाळं नीट बनत नाही, तुकडे वाहून जातात). मग चाळणीवर धरून हळूहळू दाबत धुवा. पांढरं पाणी म्हणजे स्टार्च. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुतलं की साधारण २५ ते ३० ग्रॅम ओला गोळा उरतो. हेच ज्वारीच्या पिठाचं करा: हातात काहीच राहत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तर भाकरी थापावी लागते आणि कडा चिरतात.

शंका उरली तर वाळवलेला छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा, खिडकी उघडी ठेवून. ग्लुटेन वितळत नाही, काळं पडतं, जळक्या केसांचा वास येतो. पॉलिथिन वितळून थेंब थेंब गळतं, वास मेणबत्तीसारखा.