गोवर गेल्यानंतरची दोन-तीन वर्षे

"गोवर काय, सगळ्यांनाच यायचा. एकदा येऊन गेला की जन्मभर परत येत नाही. लशीपेक्षा खरा आजार झालेला बरा, अंगात कायमची ताकद येते." गोवर-रुबेलाच्या लसीकरणाची बातमी आली की हे कुठून ना कुठून ऐकू येतंच. शिकलेले, एरवी विचारी लोकही असं बोलतात. त्यातला निम्मा भाग अगदी खरा असल्यामुळे ते चटकन पटतंही.

हा खरा भाग १८४६ सालीच सिद्ध झाला. त्या वर्षी उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. बेटांवर जेमतेम पावणेआठ हजार माणसं होती आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला तिकडे पाठवलं. त्याने गावोगाव फिरून नोंदी केल्या आणि त्याच्या लक्षात आलं की काही म्हातारी माणसं आजाऱ्यांच्या घरात राहूनही ठणठणीत होती. याआधीची साथ १७८१ मध्ये आली होती आणि या सगळ्यांना तेव्हा लहानपणी गोवर झाला होता. पासष्ट वर्षांत गोवराचा एकही रुग्ण न बघता त्यांचं शरीर त्या विषाणूला विसरलं नव्हतं.

म्हणजे 'एकदा आला की परत येत नाही' हे बरोबर आहे. प्रश्न आहे तो त्यासाठी शरीराला काय मोजावं लागतं याचा. तो हिशोब नीट मांडायला विज्ञानाला आणखी पावणेदोनशे वर्षं लागली, आणि माझ्या मते विषाणूशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी ही एक आहे.

पहिला धागा १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाला सापडला. क्षयाचा संसर्ग झालाय का हे पाहण्यासाठी त्वचेवर ट्युबर्क्युलिन टोचून बघण्याची चाचणी त्यानेच आदल्या वर्षी मांडली होती. जंतूची ओळख शरीराला आधीपासून असेल तर टोचलेली जागा लाल होऊन फुगते. ज्या मुलांमध्ये ही चाचणी हमखास लाल यायची, त्यांना गोवर झाला की ती काही काळ कोरी येऊ लागायची. क्षयाचे जंतू अंगात तसेच होते, फक्त शरीराला त्यांची ओळख पटेनाशी झाली होती. गोवरानंतर मुलांचा क्षय उफाळतो, न्यूमोनिया होतो, जुलाब थांबत नाहीत, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतं. हे का होतं, ते कळत नव्हतं.

ते समजून घ्यायला विषाणूचा शरीरातला प्रवास बघावा लागतो. गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू टिकू शकतो. तो श्वासाबरोबर आत येतो, म्हणून सर्दीच्या विषाणूप्रमाणे नाका-घशाच्या अस्तरावर हल्ला करत असेल असंच बराच काळ वाटत होतं. प्रत्यक्षात हवेच्या बाजूने असलेलं अस्तर सुरुवातीला त्याच्या कामाचंच नसतं. कोणत्याही विषाणूला पेशीत शिरायचं तर तिच्या पृष्ठभागावरचं एखादं ठरावीक प्रथिन पकडावं लागतं. गोवराचा विषाणू कोणतं प्रथिन पकडतो ते जपानमधल्या संशोधकांनी २००० साली शोधून काढलं. त्याचं नाव सीडी-१५०. हे प्रथिन अस्तराच्या पेशींवर नसतं, ते असतं रोगप्रतिकारक पेशींवर.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. फुप्फुसात गस्त घालणाऱ्या काही पेशी असतात. बाहेरचं काही दिसलं की त्याला गिळायचं आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन इतर पेशींना दाखवायचं, हे त्यांचं काम. या पेशींवर सीडी-१५० असतं. गोवराचा विषाणू त्यांच्यातच शिरतो आणि त्यांच्याच मार्फत लसिका ग्रंथीत पोहोचतो. तिथे बी आणि टी प्रकारच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी असते. त्यातल्या काही कोऱ्या असतात, म्हणजे अजून कोणत्याही जंतूशी गाठ न पडलेल्या. काही स्मृतिपेशी असतात. पूर्वी होऊन गेलेल्या आजारांची किंवा घेतलेल्या लशींची ओळख या स्मृतिपेशी जपून ठेवतात. कोऱ्या पेशींपेक्षा स्मृतिपेशींवर सीडी-१५० जास्त असतं, त्यामुळे विषाणूच्या तडाख्यात त्याच जास्त सापडतात.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. त्यांनी गोवराच्या विषाणूत हिरवं चमकणारं एक प्रथिन बसवलं आणि माकडांना त्याचा संसर्ग घडवला. टॉन्सिल, लसिका ग्रंथी, प्लीहा असे प्रतिकारशक्तीचे सगळे अड्डे हिरवे उजळलेले दिसले. तिथून रक्तावाटे विषाणूबाधित पेशी अंगभर पसरतात, श्वासनलिकेच्या अस्तराच्या मागच्या बाजूला येऊन भिडतात, आणि तिथे विषाणू नेक्टिन-४ हे दुसरं प्रथिन पकडून अस्तरात शिरतो. म्हणजे पुढच्या दाराने आलेला विषाणू अस्तरात मात्र मागच्या बाजूने शिरतो, आणि मग खोकल्यावाटे बाहेर पडतो. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना आजार देऊ लागतं. तोवर घरच्यांना ती साधी सर्दी वाटत असते.

आता शरीर प्रतिहल्ला करतं. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारल्या जातात, आणि त्यांत आपल्याच स्मृतिपेशी असतात. रक्तातल्या लिम्फोसाइटची संख्या झपाट्याने घसरते, पण आठवड्या-दोन आठवड्यांत परत भरून येते. या भरून येण्यानेच डॉक्टरांना कित्येक दशकं चकवलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला, मूल खेळायला लागलेलं, आणि तरीही पुढचे कितीतरी महिने ते एकामागून एक आजारी पडत राहतं, हे कसं?

तलाठ्याच्या कार्यालयातलं जुनं दप्तर जळालं आणि त्याच जाडीचं नवं दप्तर तिथे ठेवलं, पण त्याच्या प्रत्येक पानावर एकाच सातबाऱ्याची नक्कल असली, तर कपाट बाहेरून भरलेलंच दिसेल. गोवरानंतर अगदी हेच होतं. नव्याने वाढलेल्या पेशींपैकी प्रचंड मोठा वाटा फक्त गोवर ओळखणाऱ्यांचा असतो. फॅरो बेटांवरच्या म्हाताऱ्यांची अभेद्य प्रतिकारशक्ती ती हीच. बाकीच्या जंतूंच्या बऱ्याच नोंदी मात्र गेलेल्या असतात. या प्रकाराला प्रतिकारशक्तीचा स्मृतिभ्रंश म्हणतात.

हे किती खोलवर जातं ते २०१९ मध्ये मोजलं गेलं. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणाने लस न घेणारा एक प्रोटेस्टंट समाज आहे. २०१३ मध्ये तिथे साथ आली तेव्हा संशोधकांनी पालकांच्या संमतीने मुलांचं रक्त आजाराआधी आणि आजारानंतर घेऊन ठेवलं होतं. अमेरिकेत स्टीफन एलेज आणि मायकेल मिना यांच्या गटाने त्यातल्या ७७ मुलांचे नमुने 'व्हिरस्कॅन' नावाच्या तंत्राने तपासले. माणसाला होणाऱ्या जवळजवळ सर्व ज्ञात विषाणूंचे हजारो तुकडे या तंत्रात रक्तासमोर मांडले जातात आणि त्यातल्या कोणकोणत्या तुकड्यांना चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे जंतू ओळखणारी प्रथिनं, रक्तात आहेत हे एका थेंबात कळतं. गोवरानंतर मुलांच्या प्रतिपिंडांच्या या संग्रहातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. ज्यांना गोवर झालाच नाही किंवा ज्यांनी लस घेतली, त्यांच्यात अशी घट नव्हती. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांना आधी फ्लूची लस दिली आणि मग गोवराच्या चुलत भावाचा, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूचा संसर्ग घडवला. फ्लूविरुद्धची प्रतिपिंडं घटली आणि नंतर झालेला फ्लू जास्त तीव्र निघाला.

माणसांच्या समाजात हा परिणाम दिसतो का? मिना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कच्या जुन्या मृत्युनोंदी चाळल्या. इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यू हे मागच्या दोन-तीन वर्षांत गोवर किती पसरला होता, त्याच्याशी जुळत होते. लस येण्यापूर्वी संसर्गजन्य आजारांनी होणाऱ्या बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांशी गोवराचा संबंध असावा, असा त्यांचा अंदाज आहे. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिलेलं असतं, दीड वर्षापूर्वीच्या गोवराचा त्यात उल्लेख नसतो. 'गोवराने कोण मरतं' असं म्हणताना हे मृत्यू आपण मोजतच नाही. आणि थेट मृत्यूही कमी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगभरात १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं गोवराने गेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

आपल्याकडे अजून एक समजूत घट्ट आहे: गोवर 'बाहेर पडू द्यावा', औषध देऊ नये, नाहीतर तो आत राहतो. कुठे त्याला देवीचा कोप मानून कडुलिंबाचे डहाळे लावतात, मुलाला आंघोळ घालत नाहीत, खाणं तोडतात. पुरळ म्हणजे बाहेर पडणारं विष नव्हे. त्वचेतल्या विषाणूबाधित पेशींवर टी पेशी हल्ला करतात, त्याची ती खूण आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार दुबळी आहे, अशा काही रुग्णांत पुरळ येतच नाही आणि आजार जास्त गंभीर होतो. पूर्वीच्या माणसांनी 'न उमटलेला गोवर वाईट' हे पाहिलं ते बरोबर होतं, त्यावरून काढलेला उपाय चुकला. औषध टाळल्याने पुरळ उमटायला मदत होत नाही, आणि उपाशी ठेवलेलं मूल आणखी खंगतं. अशा मुलाला दवाखान्यात नेऊन अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात. त्याने डोळे वाचतात, जीवही वाचतो. पण ते डॉक्टरांनी मोजून द्यायचं. २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या साथीत लशीला पर्याय म्हणून अ जीवनसत्त्वाचा गवगवा झाला आणि अतिरेकाने यकृतावर परिणाम झालेली मुलं रुग्णालयात आली. त्याच साथीत लस न घेतलेल्या, शाळेत जाणाऱ्या दोन मुलांचा मृत्यू झाला.

लशीतही गोवराचाच विषाणू असतो, पण प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवून दुबळा केलेला. १९५४ मध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी बोस्टनजवळच्या शाळेतल्या डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या रक्तातून विषाणू वेगळा केला, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत पहिली लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवराच्या लशीत जो एडमन्स्टन-झाग्रेब वाण वापरतात, तो त्याच विषाणूच्या वंशातला. हा दुबळा विषाणू शरीराला गोवराची ओळख करून देतो, पण बाकीच्या स्मृतीला धक्का लावत नाही.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का? आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या रक्तात असतात आणि ती लशीतला विषाणूही निकामी करतात. लवकर दिली तर लस वाया जाण्याची शक्यता वाढते, उशीर केला तर बाळ उघडं पडतं. नऊ महिने ही त्यातली तडजोड आहे. या वयात दर सहा-सात बाळांमागे एकात लस लागू पडत नाही. म्हणून १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस. तो पहिल्याची ताकद वाढवायला असतो असा समज आहे, पण त्याचं मुख्य काम पहिल्यातून निसटलेल्यांना गाठण्याचं. एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना गोवर देऊ शकतो, त्यामुळे साथ थोपवायला शंभरात ९५ जणांचं संरक्षण झालेलं असावं लागतं. करोनाच्या काळात आपल्याकडे मुलांचे डोस चुकले आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात साथ उसळली. तेव्हा साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला. लशीने ऑटिझम होतो अशी भीती पसरवणारा १९९८ चा अँड्र्यू वेकफिल्डचा लेख बारा मुलांवर बेतलेला होता, तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. त्यावर आणखी शब्द खर्च करण्यासारखं काही नाही.

डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारलं तर लसीकरण सत्राचा दिवस कळतो. मुलाला गोवर 'येऊन गेला' असं घरी वाटत असलं तरी लस द्यावी. ताप आणि पुरळ रुबेलातही येतात, इतर विषाणूंमुळेही येतात, आणि गोवर खरंच होऊन गेला असेल तर लशीने काही बिघडत नाही. ज्या मुलाला खात्रीने गोवर झाला, त्याच्या बाकीच्या लशी राहिल्या असतील तर त्या आधी पूर्ण करून घ्याव्यात. पुढची दोन-तीन वर्षं त्याचा ताप, धाप लागणं किंवा जुलाब अंगावर न काढता लगेच डॉक्टरांकडे न्यावं आणि गोवर होऊन गेल्याचं त्यांना आठवणीने सांगावं.