परदेशी राजनैतिक पाहुण्यांचा नाशिक दौरा : पत्र कोणाचे, परवानगी कोणाची आणि अर्ज कुठे अडतो

द्राक्षहंगाम सुरू झाला की नाशिकमध्ये परदेशी पाहुण्यांची ये-जा वाढते. मुंबईतील वाणिज्य दूतावासांचे अधिकारी निर्यातदारांची पॅकहाउस पाहायला येतात, कोणी वाइनरीला भेट देतात, कोणाला महाविद्यालय व्याख्यानाला बोलावते. २०२७ च्या सिंहस्थामुळे रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर पाहण्याविषयीही विचारणा होऊ लागली आहे. यजमान संस्था बहुतेक वेळा हे काम पहिल्यांदाच करत असते. ती उत्साहाने दौऱ्याच्या व्यवस्थेसाठी थेट जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देते आणि आठ दिवसांनी तो त्रुटीच्या शेऱ्यासह परत येतो. अशा अर्जांच्या मागे फिरताना असे दिसले की त्रुटी दर वेळी त्याच चार-पाच असतात. म्हणून येथे नेहमीच्या पायऱ्या एका ओळीत आणि अडणाऱ्या जागा सविस्तर दिल्या आहेत.

पाहुणे नेमके कोण आहेत?

पात्रतेचा प्रश्न यजमान संस्थेचा नसून पाहुण्यांच्या पदाचा आणि दौऱ्याच्या स्वरूपाचा असतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. कोणतीही नोंदणीकृत संस्था, कंपनी किंवा महाविद्यालय परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना निमंत्रण देऊ शकते; परंतु शासकीय वाहन, पायलट गाडी (ताफ्यापुढे धावणारी पोलिसांची गाडी), संपर्क अधिकारी किंवा विश्रामगृहातील राखीव कक्ष या गोष्टी निमंत्रणाबरोबर आपोआप येत नाहीत. राज्य अतिथीचा दर्जा मंत्रालयातील राजशिष्टाचार (प्रोटोकॉल) शाखेकडून ठरतो. तो देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नाही आणि तो मागण्याचा अधिकार यजमान संस्थेलाही नाही. ती विनंती पाहुण्यांच्या कार्यालयाकडूनच जावी लागते. ‘आमच्या प्रमुख पाहुण्यांना राज्य अतिथी घोषित करावे’ असा मजकूर संस्थेच्या लेटरहेडवर लिहून आणणाऱ्यांनी एवढे वाचले तरी त्यांची एक फेरी वाचेल.

पदनामाच्या चुका त्याहून जास्त होतात. दिल्लीतील दूतावासाच्या प्रमुखांना राजदूत म्हणतात. राष्ट्रकुलातील देशांच्या बाबतीत त्याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. मुंबईतील कार्यालयाचे प्रमुख सहसा महावाणिज्यदूत (कॉन्सुल जनरल) असतात. मात्र येथेही सरळ नियम लावता येत नाही, कारण ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा राष्ट्रकुलात असूनही त्यांची मुंबईतील कार्यालये महावाणिज्य दूतावास आहेत, तर ब्रिटनचे मुंबईतील कार्यालय उप-उच्चायुक्तालय आहे. एका संस्थेने महावाणिज्यदूतांचा उल्लेख अर्जात ‘राजदूत’, पत्रिकेवर ‘कॉन्सुल’ आणि बॅनरवर ‘हाय कमिशनर’ असा केला होता. तिन्ही कागद एकत्र पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, पाहुणे एक आहेत की तीन, असा प्रश्न विचारला आणि तो अजिबात चुकीचा नव्हता. पाहुण्यांच्या कार्यालयाने कळवलेले पदनाम जसेच्या तसे घ्यावे आणि त्याचे मराठी रूप त्यांच्याच मराठी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याला दाखवून मग छापावे.

मानद वाणिज्यदूत हा आणखी वेगळा प्रकार आहे. हे पद अनेकदा भारतीय नागरिकाकडे, बहुधा एखाद्या उद्योजकाकडे असते. वाणिज्य संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण असून त्यांचे विशेषाधिकार पूर्णवेळ वाणिज्यदूतांपेक्षा बरेच मर्यादित आहेत. त्यांचा यथोचित सत्कार अवश्य करावा. त्यांच्यासाठी पायलट गाडी मागू नये.

काही जण अर्जाला राष्ट्रपती सचिवालयाच्या २६ जुलै १९७९ च्या अधिसूचनेतील अग्रक्रम तक्त्याची छायाप्रत जोडतात आणि राजदूत आठव्या क्रमांकावर आहेत, म्हणून अमुक व्यवस्था हवी, असे लिहितात. क्रमांक बरोबर आहे. पण तो तक्ता शासकीय समारंभांतील मानाच्या क्रमासाठी आहे आणि शासनाच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही, असे त्याच अधिसूचनेत म्हटले आहे. अधिकाऱ्यांना तक्ता दाखवून कोणाचाही अर्ज लवकर निघालेला मी पाहिलेला नाही.

जो कागद कोणाकडेच नसतो

अर्ज परत येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पाहुण्यांच्या कार्यालयाचे अधिकृत पत्र जोडलेले नसणे. संस्थेने पाठवलेले निमंत्रण जोडलेले असते, पाहुण्यांच्या स्वीय सहायकांचा ‘यायला आवडेल’ असा ईमेल जोडलेला असतो, कधी तर व्हॉट्सअॅपवरील संभाषणाची छापील प्रतही असते. यांपैकी काहीही दौऱ्याचा पुरावा म्हणून चालत नाही. पाहुणे खरोखर येत आहेत, शासकीय कामासाठी येत आहेत आणि अमुक तारखेला अमुक ठिकाणी असणार आहेत, हे त्यांच्याच कार्यालयाने लेखी सांगावे लागते.

हे पत्र कोणत्या मार्गाने यावे, यालाही आधार आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ४१ नुसार दूतावासाने शासकीय कामकाज यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत किंवा परस्परसंमतीने ठरलेल्या अन्य मंत्रालयामार्फत करायचे असते. त्यामुळे राजदूत किंवा उच्चायुक्त येत असतील, तर दिल्लीहून परराष्ट्र मंत्रालय, तेथून राज्याची राजशिष्टाचार शाखा आणि मग जिल्हा, असा प्रवास होतो. १९६३ च्या कराराचे कलम ३८ मात्र वाणिज्यदूतांना आपल्या कार्यक्षेत्रातील स्थानिक प्राधिकाऱ्यांशी थेट पत्रव्यवहाराची मुभा देते. म्हणून मुंबईतील महावाणिज्यदूतांचे कार्यालय नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना थेट लिहू शकते. तरीही त्या पत्राची प्रत राज्याच्या राजशिष्टाचार शाखेला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मुंबईतील शाखा सचिवालयाला द्यायला सांगावे. ती प्रत नसली की ‘वरून कळवलेले नाही’ हा शेरा ठरलेलाच असतो.

येथे एक गंमत सांगायला हवी, जरी ज्यांच्यावर ती ओढवली त्यांना ती गंमत वाटली नाही. दूतावासांची अनेक पत्रे ‘नोट व्हर्बाल’ या स्वरूपात असतात. ती तृतीय पुरुषी लिहिलेली असतात, ‘अमुक देशाचा दूतावास आपले अभिवादन सादर करतो’ अशी सुरुवात असते आणि त्याखाली पूर्ण स्वाक्षरी नसते. दूतावासाची मोहोर आणि आद्याक्षरे असतात. एका कार्यालयात अशी नोट ‘पत्रावर स्वाक्षरी व नाव नाही, पूर्तता करून सादर करावे’ असा शेरा मारून परत देण्यात आली. बिचाऱ्या संस्थेने दूतावासाला सही करून पाठवा, असे कळवले आणि दूतावासाने पुन्हा तशीच, मोहोर असलेली, सही नसलेली नोट पाठवली. यात दोन आठवडे गेले. त्यामुळे नोट व्हर्बाल जोडताना अर्जातच एक वाक्य लिहावे, की सोबतचे पत्र राजनैतिक पद्धतीनुसार नोट व्हर्बालच्या स्वरूपात असून त्यावर स्वाक्षरीऐवजी मोहोर व आद्याक्षरे असतात. हे वाक्य लिहावे लागावे, हेच खेदाचे आहे. पण ते लिहिल्याने काम होते.

पत्रात पाहुण्यांचे नाव व पदनाम, सोबत येणाऱ्यांची नावे, येण्या-जाण्याची तारीख, दौऱ्याचे प्रयोजन, वाहनांचे क्रमांक आणि समन्वय करणाऱ्या कर्मचाऱ्याचा दूरध्वनी असावा. दूतावासांच्या गाड्यांना निळी पाटी असते आणि तिच्यावर सीडी (दूतावास) किंवा सीसी (वाणिज्य दूतावास) ही अक्षरे असतात. असा क्रमांक कारखान्याच्या गेटवरील नोंदवहीत ‘चुकीचा’ ठरू नये, म्हणून तो आधीच कळवणे बरे.

दौरा कार्यक्रम आणि दोन पोलीस हद्दी

‘मिनिट टू मिनिट कार्यक्रम’ हा शब्द शासकीय कार्यालयांत इतका रुळला आहे, की त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. त्यात प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची व निघण्याची वेळ, प्रवासाचा मार्ग, स्वागत कोण करणार, व्यासपीठावर कोण बसणार, भोजन कुठे आणि विश्रांती किती, एवढे सर्व असावे. ‘सकाळी वाइनरी, दुपारी महाविद्यालय, सायंकाळी गोदाघाट’ हा कार्यक्रम नव्हे, ही इच्छा झाली.

वेळा लिहिताना नकाशावरील अंतरावर विसंबू नये. मुंबईहून येणारा ताफा समृद्धी महामार्गाने आला, तरी इगतपुरीनंतर नाशिकपर्यंतचा रस्ता उरतोच. पावसाळ्यात धुक्याचाही हिशेब ठेवावा लागतो. पांडवलेणी पायथ्यापासून वर चढून जावी लागतात. तेथे गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचे लेणे दाखवायचे असेल, तर पाऊण तास धरणाऱ्यांनी आधी स्वतः सुटाबुटात चढून पाहावे. श्रावणी सोमवारी, विशेषतः ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकेश्वरचा दौरा सुचवूच नये; त्या दिवशी बंदोबस्ताचा एकही माणूस मोकळा नसतो आणि नकार आला, तर तो योग्यच असतो.

आता हद्दींविषयी. नाशिक शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि उर्वरित जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक. ओझरचे विमानतळ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून येणारा महामार्ग आणि दिंडोरीकडील द्राक्षबागा ग्रामीण हद्दीत येतात. अर्ज फक्त आयुक्तालयात देऊन निर्धास्त झालेल्या संस्थेला आदल्या सायंकाळी कळते, की त्र्यंबकरोडवर शहराची हद्द संपली की पुढे कोणालाच काही माहीत नाही. अर्ज दोन्हीकडे द्यावा, दोन्हीकडे आवक क्रमांक घ्यावा आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्या कार्यालयाला दिलेल्या अर्जाचा उल्लेख करावा. त्यानंतर पोलिसांच्या विशेष शाखेतील संबंधितांची प्रत्यक्ष भेट घ्यावी. व्यासपीठावरील व्यक्तींची आणि खानपान सेवेच्या कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे तेथे मागितली जाऊ शकतात. ती यादी अखेरच्या दिवशी बदलणारे कार्यकर्ते प्रत्येक संस्थेत असतात, त्यांना वेळीच आवरावे. ध्वनिक्षेपक परवाना आणि सभागृहाची अग्निसुरक्षा ही नेहमीची कामे आहेत.

नाशिकपुरती एक खास सूचना आहे. देवळालीचे तोफखाना स्कूल, गांधीनगरचे लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र, ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचे चलार्थपत्र व प्रतिभूती मुद्रणालय हे सारे या एकाच परिसरात आहे. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांचा मार्ग आखताना गाडी यांच्या दाराशी थांबणार नाही, छायाचित्रकार तिकडे कॅमेरा वळवणार नाही आणि कोणी हौसेने ड्रोन उडवणार नाही, याची काळजी यजमानांनीच घ्यायची असते. अशा आस्थापनांची भेट स्थानिक पातळीवर ठरत नाही. ती मागण्यात वेळ घालवू नये.

त्र्यंबकेश्वर मंदिरातील प्रवेशाचे नियम पाहुण्यांना आणण्यापूर्वी देवस्थानाकडून लेखी घ्यावेत आणि ते पाहुण्यांच्या कार्यालयाला स्पष्ट शब्दांत कळवावेत. संकोचाने ही गोष्ट न सांगणारे यजमान शेवटी पाहुण्यांना महाद्वारापाशी अवघडून उभे करतात, आणि तो अपमान कोणत्याही शालीने झाकत नाही. पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर मंदिर ही दोन्ही केंद्रीय संरक्षित स्मारके असल्याने साध्या छायाचित्रांपलीकडचे चित्रीकरण करायचे असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी वेगळी लागते.

मुदत कशी मोजावी

अर्जावरील तारीख कोणीही पाहत नाही. आवक शिक्क्याची तारीख पाहतात. शुक्रवारी सायंकाळी कुरिअरने पोहोचलेले पत्र सोमवारी आवक होते, कारण २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू आहे. ‘पंधरा दिवस आधी दिला होता’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात नऊ-दहा कामाचे दिवसच असतात. राजदूतांसाठी सहा आठवडे आणि वाणिज्यदूतांसाठी किमान चार आठवडे धरावेत, असा माझा अनुभव आहे. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या बंदोबस्तामुळे त्यात आणखी एक आठवडा मिळवावा. निवडणुकीची आचारसंहिता असल्यास गोल्फ क्लबजवळील शासकीय विश्रामगृहावर अवलंबून राहू नये आणि हॉटेल आधीच राखून ठेवावे.

ध्वज आणि व्यासपीठ

ध्वजसंहितेनुसार परदेशी ध्वजांबरोबर रांगेत लावताना भारताचा राष्ट्रध्वज सर्वांत उजवीकडे असतो; ही उजवी बाजू रांगेच्या मध्यभागी श्रोत्यांकडे तोंड करून उभ्या असलेल्या व्यक्तीची, श्रोत्यांची नव्हे. हे एक वाक्य न समजल्याने दर वर्षी कुठे ना कुठे मंडपवाल्याला खांब हलवावे लागतात. इतर देशांचे ध्वज इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने लावतात, म्हणजे मराठीत ‘ज’ आधी येत असला, तरी फ्रान्स जर्मनीच्या आधी येतो. शासनाने दिलेल्या गाडीवर दोन ध्वज असतील, तर राष्ट्रध्वज उजवीकडे आणि पाहुण्यांचा डावीकडे असतो. भाड्याच्या गाडीवर आपण होऊन ध्वज लावणे हा राजशिष्टाचार नसून आगाऊपणा आहे. पोलंडचा ध्वज उलटा लावला, तर तो इंडोनेशियाचा दिसतो आणि नेदरलँड्सचा निळा रंग फिका पडला, की तो लक्झेंबर्गचा वाटू लागतो. द्राक्षे घेणाऱ्या देशाच्या प्रतिनिधींसमोर ही चूक महागात पडते, म्हणून छापून आलेल्या ध्वजाचे छायाचित्र त्यांच्या कार्यालयाला आधीच पाठवून होकार घ्यावा.

पाहुणे मुक्काम करणार असतील, तर हॉटेलला परदेशी नागरिकांची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते; लॉजवाले अजूनही त्याला सी फॉर्म म्हणतात. राजनैतिक पारपत्र पाहून स्वागतकक्षातील मुलगा गोंधळतो आणि रात्री अकरा वाजता यजमानांना फोन करतो, तेव्हा पारपत्र व व्हिसाच्या प्रती पाहुण्यांच्या कार्यालयाकडून हॉटेलच्या व्यवस्थापकांना आदल्या दिवशीच पोहोचवाव्यात. दौरा रद्द झाला किंवा वेळ बदलली, तर ते दूरध्वनीवर सांगून थांबू नये. ज्या ज्या कार्यालयाचा आवक क्रमांक आपल्याकडे आहे, त्या प्रत्येकाला त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन लेखी कळवावे, कारण पुढच्या वर्षीचा अर्ज त्याच टेबलावर जाणार असतो.