मोटारसायकल लोअर करणं

मोटारसायकलचं सस्पेन्शन खाली घेऊन सीटची उंची कमी करणं याला लोअरिंग म्हणतात. कारण बहुतेक वेळा एकच, सिग्नलला पाय नीट टेकत नाहीत. रिमचं माप बदलणं हा खरं तर वेगळा उद्योग, पण दोन्हीचा फटका बसतो ट्रेललाच, म्हणून इथे एकत्र घेतलेत.

हँडल ज्या नळीत फिरतं तिची मधली रेघ जमिनीपर्यंत ओढली तर ती पुढचा टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल, आणि ती नळी उभ्या रेषेपासून जेवढी कललेली तो रेक. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत रेक २४ ते २८ अंश आणि ट्रेल ९० ते १२० मिमी असतो. ओळंबा सोडून मोजताना एक चूक हमखास होते, लोक फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) रेघ धरतात, पण फोर्क त्या अक्षाच्या तीस-चाळीस मिमी पुढे असतो (हाच ऑफसेट). चाकाची त्रिज्या ३१० मिमी, रेक २५ अंश, ऑफसेट ३५ मिमी धरला तर खरा ट्रेल १०६ च्या आसपास, फोर्कवरून मोजलेला मात्र १४५ भरतो.

दुचाकी आपोआप सरळ का राहते यावर जुना वाद आहे. केंब्रिजच्या व्हिपलने १८९९ मध्ये गणित मांडलं, पुढे क्लाइन आणि सोमरफेल्ड यांच्या भोवऱ्यावरच्या जर्मन ग्रंथात (१९१०) फिरत्या चाकाच्या भोवरा-परिणामाला (फिरतं चाक आपला अक्ष सहजी वळू देत नाही) महत्त्व मिळालं. १९७० मध्ये डेव्हिड जोन्सने सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम मारला, तरी सायकल चालवता आली, ट्रेल बिघडवला तेव्हा मात्र ती भलतीच अवघड झाली. मग २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या मंडळींनी भोवरा-परिणामही नाही आणि ट्रेलही किंचित उलटा (टायर रेघेच्या पुढे टेकतो) अशी सायकल स्वतःहून तोल सांभाळते हे दाखवलं, फक्त वजनाची वाटणी विशिष्ट हवी. तेव्हा ट्रेल हे एकमेव कारण नाही हे मान्यच. पण गॅरेजमध्ये वजनाची वाटणी फारशी हलत नाही, ट्रेल हलतो, त्यामुळे व्यवहारात ट्रेलला महत्त्व देणारं जोन्सचं म्हणणं जास्त उपयोगी पडतं. वॉबल (हँडलची थरथर) आणि वीव्ह (अख्खी गाडी डुलणं) ही नावं रूढ झाली ती रॉबिन शार्पच्या १९७१ च्या अभ्यासानंतर.

सर्रास होतं ते असं की फक्त मागचं डॉगबोन (मागच्या सस्पेन्शनची जोडपट्टी) किंवा शॉकअप बदलून मोकळं व्हायचं. व्हीलबेस (दोन्ही ॲक्सलमधलं अंतर) १४०० मिमी आणि मागची बाजू २५ मिमी खाली आली की रेक साधारण १ अंशाने वाढतो, वरच्या उदाहरणात ट्रेल ६ मिमी जास्त. गाडी सरळ छान धावते पण वळणात बाहेर जायला बघते. उपाय म्हणजे फोर्क टीमध्ये (फोर्क हँडलच्या नळीला जोडणाऱ्या पकडीत) जवळपास तेवढाच वर सरकवायचा, आणि शॉकअप पूर्ण दाबला की मडगार्ड टीला लागत नाही ना ते आधी बघायचं. स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) सैल करणं हे लोअरिंग नव्हेच, गाडी नुसती बसते आणि खड्ड्यात ठोकते. फोर्कच्या आत स्पेसर टाकून ट्रॅव्हल (दबण्याची एकूण जागा) कमी केला तर स्प्रिंग कडक लागते, नाहीतर उरलेला ट्रॅव्हल पहिल्याच खड्ड्यात संपतो. मागच्या चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) कोन बदलतो, म्हणून चेनची ढिलाईही पुन्हा मोजावी लागते.

चाकाच्या बाबतीत रिमचे इंच फसवतात, बघायचा तो टायरचा बाहेरचा व्यास. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ (२०१६) ला पुढे ९०/९०-२१ (शेवटचा आकडा रिमचे इंच), म्हणजे व्यास सुमारे ६९५ मिमी. त्याच इंजिनच्या स्क्रॅम ४११ (२०२२) ला १००/९०-१९, सुमारे ६६३. मागचं १७ इंचीच. म्हणजे नुसत्या चाकाने पुढचा ॲक्सल १६ मिमी खाली, रेक अर्ध्या अंशाहून थोडा जास्त उभा, आणि कागदावर ट्रेल दहा-बारा मिमी कमी. कंपनीने फोर्कचा ट्रॅव्हलही २०० चा १९० केला. सुपरमोटोत (ऑफ-रोड गाडीला रस्त्याची छोटी चाकं लावतात त्यात) २१ चं १७ करतात तेव्हा कमी ऑफसेटची टी लावून गेलेला ट्रेल परत मिळवतात, आणि स्पीडोमीटर पुढच्या चाकावर असेल तर तो सोळाएक टक्के जास्त दाखवतो. एबीएसवाल्या गाडीत दोन्ही चाकांच्या वेगाचं प्रमाण बिघडतं, ते वेगळंच लफडं.

खाली बसलेल्या गाड्यांची फॅशन बहुधा अमेरिकन ड्रॅग रेसिंग आणि कस्टम गाड्यांतून आली असावी, हार्लेची लो रायडर १९७७ ची. भारतात मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही.

साइड स्टँड मात्र सगळ्यात शेवटी आठवतो. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, की ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की पलीकडच्या अंगावर पडते, म्हणून वेल्डरकडे जाऊन तोही कापून घ्यावा लागतो, आणि गाडी लोअर केली तेवढा नाही, थोडा कमीच.