कोस्ट रेडवूड आणि जायंट सिकोया: दोन महावृक्षांतला फरक

कॅलिफोर्नियात मुलांकडे राहायला गेलेले मराठी पालक बहुधा सॅन फ्रान्सिस्कोजवळचे म्युअर वुड्स पाहतात आणि जगातले सर्वांत मोठे झाड पाहिल्याचे समाधान घेऊन परततात. तिथली झाडे भव्य आहेत यात शंकाच नाही. परंतु ती कोस्ट रेडवूड आहेत. घनफळाने जगात सर्वांत मोठा गणला जाणारा जनरल शर्मन हा जायंट सिकोया असून तो सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, सिकोया नॅशनल पार्कमध्ये उभा आहे. दोन्ही वृक्ष एकाच कुळातले असले तरी त्यांचे जगणे इतके निराळे आहे की त्यांना एकच समजणे हा दोघांवरही अन्याय आहे.

उंचीत रेडवूड पुढे आहे. २००६ मध्ये सापडलेला हायपेरियन नावाचा रेडवूड सुमारे ११६ मीटर उंच आहे, तर शर्मनची उंची ८४ मीटरच्या आसपास भरते. मात्र शर्मनचे खोड बुंध्याशी सुमारे ११ मीटर रुंद असून वरपर्यंत फारसे निमुळते होत नाही, आणि म्हणून त्याचे घनफळ जवळजवळ १,५०० घनमीटर भरते. वयातही सिकोया वडीलधारा आहे: रेडवूड दोन हजार वर्षांच्या पलीकडे जातो, सिकोया तीन हजारांच्या.

प्रत्यक्ष राईत उभे असताना मान वर करण्याआधी पायाखाली पाहावे. रेडवूडची पाने चपट्या सुयांसारखी, डहाळीच्या दोन्ही बाजूंना ओळीने आलेली असतात. सिकोयाची पाने म्हणजे डहाळीला चिकटलेले बारीक, टोकदार खवले. रेडवूडचा शंकू (बिया धरणारे लाकडी बोंड) जेमतेम जायफळाएवढा, तर सिकोयाचा पाच ते सात सेंटीमीटर लांब असतो. सिकोयाची साल तांबूस-केशरी आणि दाबल्यास स्पंजासारखी मऊ लागते. रेडवूडची साल अधिक करडी आणि तंतुमय दिसते.

खरा फरक पाणी आणि आग यांच्याशी असलेल्या नात्यात आहे. रेडवूड मध्य कॅलिफोर्नियापासून ऑरेगॉनच्या नैर्ऋत्य टोकापर्यंतच्या किनारपट्टीत वाढतो, जिथे उन्हाळ्यात पाऊस नसला तरी समुद्रावरचे धुके पानांवर साचून थेंबाथेंबाने जमिनीत उतरते आणि काही ओलावा तर पानेच थेट शोषून घेतात. सिकोयाची भिस्त हिवाळ्यात साचून सावकाश वितळणाऱ्या बर्फावर आहे. रेडवूड जळाला किंवा तोडला गेला तरी बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, आणि जुन्या खुंटाभोवती वर्तुळात उभी राहिलेली झाडे अनेक राईंत दिसतात. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातले बिग बेसिन हे रेडवूडचे जंगल होरपळले, तेव्हाही काळ्या पडलेल्या खोडांवर काही महिन्यांतच हिरवी पालवी आली. सिकोयाला मात्र नवी पिढी बियांपासूनच वाढवावी लागते. त्याचे शंकू झाडावर वीस-वीस वर्षे हिरवे आणि मिटलेले राहतात. वणव्याच्या उष्णतेने ते वाळून उघडतात आणि आगीने मोकळ्या केलेल्या मातीत बी पडते. मध्यम आग ही त्याची गरजच आहे. पण शतकभर प्रत्येक वणवा विझवत गेल्याने जंगलात सुके इंधन साठले, त्यात दुष्काळाची भर पडली, आणि २०२० व २०२१ च्या वणव्यांत अर्ध्या मीटरपर्यंत जाड साल असलेले हजारो मोठे सिकोया मेले. जी झाडे असंख्य आगींतून तरली होती, ती दोन वर्षांत जावीत, ही हानी कोणत्याही आकड्यात मावत नाही.

माणसाने दोघांनाही तोडले, परंतु सारखेच नाही. रेडवूडचे लाकूड टिकाऊ व कामाचे असल्यामुळे त्याच्या मूळ जंगलाचा आज सुमारे पाचच टक्के भाग उरला आहे. सिकोयाचे ठिसूळ लाकूड पडतानाच फुटत असे. तरीही कुंपणाच्या खांबांसाठी आणि छपराच्या फळ्यांसाठी तो तोडला गेला.

भेटीचे नियोजनही वेगवेगळे करावे लागते. म्युअर वुड्सला वाहनतळाचे किंवा शटलचे आरक्षण आधी करावे लागते. सिकोया पाहायला सिकोया नॅशनल पार्कमध्ये किंवा योसेमिटीच्या मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये जावे. तिथे हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते बंद होऊ शकतात. हायपेरियन पाहायला जाण्यास मनाई आहे, कारण येणाऱ्यांच्या पावलांनी त्याच्या बुंध्याभोवतीची जमीन तुडवली गेली. दोन्ही वृक्षांची मुळे उथळ असून आडवी दूरवर पसरतात, त्यामुळे बुंध्याला मिठी मारून छायाचित्र काढण्याचा मोह आवरून आखलेल्या वाटेवरच चालावे.