लोकरीच्या पॅडने गाडीचा रंग खरोखर जळतो का?

रोटरी पॉलिशरला (गाडी चमकवायच्या गोल फिरणाऱ्या यंत्राला) लोकरीचे पॅड लावले की रंग जळतो, तेव्हा फोमच वापरावा, हा समज रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत गाडीवाल्यांमध्ये घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात लोकरीच्या तंतूंमधून हवा खेळती राहत असल्याने तेवढ्याच कामात हे पॅड बहुधा फोमपेक्षा कमी तापते. वरचा थर कापते, म्हणजे घासून काढते, मात्र जलद, आणि सावधगिरी हवी ती त्यासाठी. रंग जळतो तो यंत्र एकाच जागी रेंगाळले, वेग अवाजवी वाढवला किंवा वाळलेल्या कंपाउंडने (घासायच्या लेपाने) पॅड चिकटून बसले तर, आणि तेही बहुतेक वेळा बॉनेटच्या वा दाराच्या कडेवर, जिथे थर मुळातच पातळ असतो. रंगावरचा क्लिअरकोट (पारदर्शक थर) साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक असतो. म्हणून कडांना मास्किंग टेप लावावी, मिनिटाला १००० ते १५०० फेऱ्यांवर पॅड सपाट ठेवून फिरवावे आणि प्रत्येक भागानंतर ब्रशने त्याचे तंतू मोकळे करावेत.

पॉलिशरच्या माथी मारले जाणारे कित्येक गोल ओरखडे खरे तर जांभ्याची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसण्याच्या आपल्या सवयीचे असतात. लोकर स्वतः जे मागे ठेवते ते निराळे: उन्हात गाडीभोवती फिरताना सरकत जाणाऱ्या धूसर रेषा, ज्यांना कारागीर होलोग्राम म्हणतात. मऊ फोम आणि बारीक पॉलिशचा शेवटचा हात दिला की त्या निघतात; घाईत नेमका तोच हात गाळला जातो.