चाळीस मिलिसेकंदांची मुदत

भारतात 1982 मध्ये रंगीत टीव्ही आला तो पाल (PAL) या प्रसारण पद्धतीने: सेकंदाला 25 चित्रं, दर चित्रात 625 ओळी. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला 40 मिलिसेकंद आणि एका ओळीला जेमतेम 64 मायक्रोसेकंद. लाइव्ह व्हिडिओवर काहीही करामत करायची तर ती एवढ्यात उरकायला हवी, कारण पुढचं चित्र दारात उभंच असतं. मोबाइलमधल्या फिल्टरची पाळंमुळं शोधायची तर ती या मुदतीपाशी सापडतात.

पहिल्या पिढीने चित्र साठवलंच नाही. कॅमेऱ्यातून येतो तो कमी-जास्त होणारा विजेचा दाब. तो वाटेतच वाकवायचा. शिकागोत व्हिडिओ-कलाकार डॅन सॅन्डिन यांनी 1971 ते 1973 या काळात 'इमेज प्रोसेसर' बांधला. छोट्या छोट्या पेट्या, आणि एकीतून दुसरीत खोचायच्या वायरी. एक पेटी दोन चित्रांची बेरीज करी. दुसरी फक्त दाब जिथे एकदम बदलतो तेवढंच पुढे सोडी, की चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा पडद्यावर उजळे. त्यासाठी संगणक लागत नसे. सॅन्डिन यांनी या यंत्राचे आराखडे कुणालाही नक्कल करायला मोकळे ठेवले. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट.

पण चित्र लहान करून कोपऱ्यात बसवायचं असेल तर ते आधी पूर्ण हातात यावं लागतं, आणि तिथे वायरी हरतात. ब्रिटनच्या क्वान्टेल कंपनीच्या यंत्राने अख्खं चित्र अंकांच्या रूपात स्मृतीत धरून ठेवलं. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मुख्य दृश्याच्या आत मशालीची छोटी चौकट दिसली ती त्याच यंत्राने. त्याची किंमतही मोजावी लागली. चित्र साठवलं की ते उशिरा बाहेर पडतं, मग ओठ आणि आवाज जुळावेत म्हणून आवाजही मुद्दाम मागे ठेवावा लागतो.

शिवाय आता प्रत्येक ठिपका (पिक्सेल) हिशेबात आला. 625 पैकी प्रत्यक्ष चित्राच्या ओळी 576, तेव्हा 720 गुणिले 576 म्हणजे 4,14,720 ठिपके, तेही सेकंदाला 25 वेळा. सर्वसाधारण संगणकाच्या आवाक्यात हे यायला बराच काळ गेला.

27 सप्टेंबर 1998 ला बाल्टिमोरमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांना टीव्हीवर मैदानात एक पिवळी रेघ दिसली, चेंडू कुठवर न्यायला हवा ते दाखवणारी. प्रत्यक्षात ती तिथे नव्हतीच. कॅमेरा किती वळला, किती झुकला, झूम किती, हे संवेदक सतत कळवत होते आणि त्यावरून रेघेची जागा ठरत होती. पाणी वाहून जावं म्हणून मैदान मधे किंचित फुगीर असतं, तो फुगवटाही हिशेबात धरलेला. रेघ फक्त गवताच्या रंगांवर उमटायची, खेळाडूच्या कपड्यांवर नाही. म्हणून ती त्याच्या पायाखालून जाते असं वाटे. चिखल झाला, ऊन कललं की रंगांची यादी पुन्हा जुळवायची.

चेहरा मात्र मैदानासारखा आधी मोजून ठेवता येत नाही. 2001 मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स या संगणक संशोधकांनी तो झटपट शोधायची युक्ती मांडली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळपट, नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ, अशा साध्या तुलना एकामागून एक करायच्या. पहिल्या काही तुलनांतच चित्राचा बहुतेक भाग बाद होतो आणि वेळ वाचतो. 700 मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्री चिपच्या संगणकावर 384 × 288 ठिपक्यांची 15 चित्रं सेकंदाला तपासून व्हायची.

तिथून 2015 च्या स्नॅपचॅट लेन्सपर्यंतचं, म्हणजे मोबाइलवर चेहऱ्यावर चढणाऱ्या फिल्टरपर्यंतचं, अंतर कापायला वेगवान चिपची मदत झाली. 2020 च्या टाळेबंदीत घराघरातले व्हिडिओ कॉल सुरू झाले आणि मागची खोली धूसर करणं नेहमीचं झालं. माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे आता न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेली संगणक-प्रणाली, दर चित्रागणिक ठरवतं. मान झटकन वळवली की कानाजवळचे मोकळे केस क्षणभर भिंतीत विरघळतात, आणि पुढच्या एक-दोन चित्रांत परत येतात.